दुसरी हाक

यंदा माघात मोठ्या बागेतल्या झाडांना पाट्या लागल्या. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगात एकेक नाव: जांभूळ, कवठ, बेल, मोह. प्रत्येक खोडावर माणसाच्या छातीच्या उंचीला खिळ्यांनी बसवलेल्या. मला असे काम आवडते. घरी मी पिठाच्या डब्यावर पीठ लिहिते आणि डाळीच्या डब्यावर डाळीचे नाव. मुले हसतात, पण सणाच्या घाईत त्याच मुलांना हवा तो डबा चटकन सापडतो. म्हणून पाट्या बघायला मी मुद्दाम गेले. झाडांमागून झाडे वाचत, बरे झाले, बरे झाले, असे मनाशी म्हणत चालले होते. एका खोडापाशी थबकले. पाटीवर लिहिले होते, 'खिरणी'.

माझ्या तोंडून निघून गेले, "या तर आमच्या जाऊबाई."

जवळ पाने झाडत असलेल्या माळ्याने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली. त्याचे वय लहान आहे. त्या वर्षी तो जन्मला तरी होता की नाही, कोण जाणे.

ज्यांनी धार गाव पाहिलेले नाही त्यांना बागेची जागा आधी सांगते. गावाबाहेर तलाव आहे, तलावाला मातीची उंच पाळ आहे, आणि पाळीच्या पायथ्याशी हे रान सुरू होते. आमच्या घरात ती 'ती बाग', चौकीदाराच्या तोंडी 'तो बाग'. यावरून आमच्याकडे पूर्वी वादही होत. जुनी माणसे सांगत की मुळात इथे तलावाच्या पाझरावर वाढलेले साग आणि मोहच जास्त होते. मग दरबारातल्या कुणा हौशी माणसाने मांडवगडाहून खुरासानी चिंचेची, म्हणजे गोरखचिंचेची, रोपे आणवली. त्यांची खोडे आता अशी फुगली आहेत की बाजारातली धान्याची कणगीच उभी केली आहे असे वाटावे. नर्मदेकाठच्या धरमपुरीहून बैलगाडीने वेळूचे गड्डे आणून लावले, त्यांचे बेट झाले. मधोमध पायऱ्यांची बावडी बांधली. भोवती भिंत घातली, पण पाळीच्या बाजूला ती घालायची राहिली. तिकडून कोण येणार, असा विचार असेल. मनावर नावाच्या गावाचा रस्ता पाळीवरून येतो हे भिंत बांधणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. मनावरहून येणाऱ्या माणसाला गाव दिसण्याआधी ही बाग दिसते, पायाखाली, नुसत्या झाडांच्या माथ्यांची.

खिरणी मात्र कुणी लावलेली नाही. ती आधीपासूनच तिथे आहे.

पानगळीचा हा ऋतू खरे तर माझ्या आवडीचा. थंडी सरत आलेली असते, ऊन अजून बोचत नाही, वाळवणांना हात घालता येतो. चिंच फोडून घ्यावी, गाद्या उन्हात टाकाव्यात, कुणाकडे किती पापड करायचे ते ठरवावे. बाराही महिन्यांत याच्याइतका शहाणा महिना नाही. पण सागाचे पान गळते तेव्हा ते नुसते गळत नाही. ते आधी फांदीवर आपटते, मग खालच्या फांदीवर, मग जमिनीवर. कुणीतरी पाऊल टाकावे, थांबावे आणि पुन्हा टाकावे, तसे. संध्याकाळी बागेच्या कडेने जाताना मी अजून मागे वळून पाहते. वळून पाहण्यात वेळ जातो हे मला कळते, तरी पाहते.

त्या वर्षी गावात उंदीर पडले. आमच्याकडे एवढे दोन शब्द म्हटले की पुढचे सांगावे लागत नसे. उंदीर पडले म्हणजे गाठीचा ताप येणार, आणि गाठीचा ताप येणार म्हणजे घराला कुलूप लावून गावाबाहेर पडायचे. कुणी शेतांवर गेले, कुणी नातेवाइकांकडे निसरपूर, धरमपुरीला. उरलेल्यांसाठी दरबारने मोठी बाग मोकळी करून दिली. तट्ट्यांच्या आणि तुराट्यांच्या झोपड्या झाडांखाली उभ्या राहिल्या. पवारांबरोबर दख्खनेतून आलेली घराणी आणि त्यांच्या पागेतल्या मोतद्दारांची बिऱ्हाडे, सगळी एकाच पाचोळ्यावर राहू लागली.

माझे लग्न होऊन फार काळ लोटला नव्हता. आमच्या झोपडीत आम्ही तिघी बायका: सासूबाई, जाऊबाई आणि मी. आमचे हे इंदुरात नोकरीला होते आणि त्यांना तिकडेच राहायला कळवले होते. थोरले भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, जमिनीच्या मोजणीवर मनावरच्या बाजूला गेलेले. त्यांना निरोप धाडला होता, पण मोजणीवरचा माणूस आज या गावी तर उद्या त्या. निरोप पोचला की नाही, समजायला वाट नव्हती.

सासूबाई कानाने जड होत्या, पण बाकी सगळ्याने पक्क्या. बागेत आल्याबरोबर त्यांनी झाडे पाहून घेतली आणि खिरणीखालची जागा धरली. "बाकीची सगळी आता बोडकी होतील. ही पान टाकत नाही," म्हणाल्या. सामान लावायचे काम माझ्याकडे आले. "देवासची आहे ती," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. "दोन राजांच्या गावची. रस्त्याच्या अलीकडे एक पाती, पलीकडे दुसरी. हे कुणाचं, ते कुणाचं, हे तिला जन्मापासून ठाऊक." हे कौतुक होते की टोमणा, मी विचारले नाही. चूल कुठे, पाणी कुठे, धुणे कुठे, हे मी त्या दिवशीच ठरवून टाकले.

दारावर भेरूजी नावाचा म्हातारा माळवी चौकीदार होता. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला तो झोपडी-झोपडीपाशी उभा राहून सांगत गेला, "बईजी, सांझ पड़्या पाछे कोई को नाम मती लीजो. वा सुणी ले." अंधार पडल्यावर कुणाचे नाव घेऊ नका, ती ऐकते. ती म्हणजे हाकेवाली. रोगाच्या दिवसांत ती झाडांतून फिरते, ओळखीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारते, आणि जो ओ देतो त्याला घेऊन जाते, अशी समजूत. आणि नाव घेऊन हाक आलीच तर? "वा एक बार बुलावे, दूजी बार नी बुलावे," भेरूजी म्हणाला. माणूस असेल तर दुसरी हाक मारील. तेव्हा दुसरीसाठी थांबायचे.

मी असल्या गोष्टींवर सहसा विश्वास ठेवत नाही. पण रोज सकाळी बागेबाहेर कुणाला तरी नेत, आणि कुणाला नेले हे कुणी विचारत नसे. अशा वेळी साधा नियम हाताशी असला की धीर येतो. शिवाय नियमाला तोडही निघाली. नावे घ्यायची नाहीत तर हाक कशी मारायची? ज्याची झोपडी ज्या झाडाखाली, त्याला त्या झाडाच्या नावाने. हाकेवालीला आमची जुनी नावे ठाऊक; ही नवी कुठून असणार?

आणि मग सगळी बागच बोलू लागली. "अहो जांभूळ, विस्तव आहे का?" "मोहाकडे ताक उरलंय, पाठवू का?" शेजारच्या कवठाखाली एक गोलगरगरीत, हसऱ्या बाई राहत, त्या आमच्या कवठकाकू. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकले, "आपलं बरं आहे गं बायांनो! नवऱ्याचं नाव घ्यायची सवयच नाही आपल्याला. चुकणार ते पुरुष." तसेच झाले. पुरुष चुकत, जीभ चावत, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. जाऊबाई खिरणीखालच्या, म्हणून त्या खिरणी. मी पण खिरणीखालचीच, पण मला 'धाकटी खिरणी' म्हणायला कुणाला वेळ नसे. मला फक्त 'धाकटी' म्हणत.

पानगळ ऐन भरात आली होती त्या संध्याकाळी. चुलींचा धूर झाडांच्या कमरेशी अडकून राहिला होता. जाऊबाई परातीत भाकरीचे पीठ मळत होत्या, मी तव्याशी होते. एकाएकी पाळीवरून पुरुषाचा आवाज आला.

"जानकीऽऽ!"

बस, एकदाच.

सगळी बाग थांबली. काठवटीवरचे हात थांबले, कुठे तरी रडणारे मूल गप्प केले गेले. जानकी हे जाऊबाईंचे नाव. त्या अर्धवट उठल्या होत्या, कोपरापर्यंत पीठ.

"खिरणी, खाली बैस," पलीकडून कवठकाकू हळूच म्हणाल्या.

मी विचारले, "आवाज ओळखीचा वाटला?"

जाऊबाई पाळीकडे बघत राहिल्या. तिथे अंधाराच्या आधीचा तो राखी उजेड होता आणि त्यात काहीच दिसत नव्हते. "आवाज असेलही," त्या म्हणाल्या. "पण ते नव्हेत. ते माझं नाव घ्यायचे नाहीत. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलं तेवढंच. तोंडाने आजवर घेतलेलं नाही."

याहून पक्का पुरावा कोणता असणार? आमच्या घरांत नवरा 'अगं' म्हणतो, 'ऐकलंस का' म्हणतो. नाव घेऊन हाक मारणे म्हणजे चारचौघांत पदर ओढण्यासारखे. नावाने हाक आली, म्हणजेच तो नवरा नव्हे. आम्हा सगळ्यांना ते पटले.

"दुसरी आली तर जाते," त्या म्हणाल्या, आणि उकिडव्या बसून राहिल्या. पिठाचे हात पुढे धरलेले, ओंजळीत काही घ्यायचे असावे तसे. मी त्यांच्याकडे पाहत होते, त्या पाळीकडे. सागाची पाने पडत होती, फांदीवर, फांदीवर, जमिनीवर. आम्ही वाट पाहिली.

"भाकरी करपतेय," सासूबाई म्हणाल्या. हाक त्यांना ऐकूच गेली नव्हती.

दुसरी हाक आली नाही.

सकाळी ऊन झाडांत उतरले आणि दरवाजाकडून भेरूजीच्या मागोमाग थोरले भावजी चालत आले. खांद्यावर वळकटी, पायांवर धूळ. भेरूजीने त्यांना वाटेच्या पलीकडेच थांबवले. बाहेरून आलेल्याने लगेच मिसळायचे नाही, हा नियम. ते वेळूच्या बेटापाशी उभे, आम्ही खिरणीखाली, आणि मध्ये अख्खी वाट. जे बोलायचे ते सगळ्या बागेला ऐकू जाईल असे. सासूबाईंसमोर नवऱ्याशी थेट बोलायची पद्धत नव्हती, म्हणून जाऊबाई मला कोपराने ढोसत होत्या आणि मी बोलत होते.

"भावजी, काल संध्याकाळी पाळीवरून हाक मारलीत ती तुम्हीच का?"

"मीच. रस्त्यात कळलं गाव बाहेर पडलंय, पण आपले कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. उतरायला बघितलं तर पाळीखाली सगळं काटेरी कुंपण. एवढ्या झोपड्यांत 'अगं' म्हणून कुणाला ओरडू? दहा जणी उठल्या असत्या."

बागेत हशा पिकला. त्यात कवठकाकू सगळ्यात मोठ्याने. "काय हो, आमच्या खिरणीची पाचावर धारण बसवलीत!"

जाऊबाईंनी पुन्हा मला ढोसले. "विचार त्यांना, एकदाच का मारली?"

मी विचारले.

भावजींचे कान लाल झाले. एवढा बारा गावची जमीन मोजणारा माणूस, पण मान खाली घालून पायाने पाचोळा उकरू लागला. "एवढे लोक ऐकत होते," ते म्हणाले.

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी कवठकाकूंना विचारले.

काकूंनी कानाशी ओरडून सांगितले, "लाजला म्हणतोय!"

"बापावर गेलाय," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाईंनी हसून तोंड फिरवले होते. इतके मोकळे हसताना मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. कुणाला काय विचारावे याचे भान अशा वेळी राहत नाही, मी आपले घरच्या सवयीने विचारले, "मग रात्री राहिलात कुठे?"

"घरी," भावजी म्हणाले. "म्हटलं इथे नाहीत तर घरीच असतील. माझ्याजवळची किल्ली होतीच. तिथेही कोणी नाही, मग तिथेच पडलो."

हसणे कुठे थांबले हे मला सांगता येणार नाही. ज्या घरात उंदीर पडले म्हणून आम्ही कुलूप घातले होते, त्या घरात ते झोपून आले होते.

भेरूजीने त्यांना वेळूच्या बेटाआड वेगळी झोपडी दिली. त्यांना काहीही झालेले नव्हते. उलट ते मजेत होते. मोजणीची साखळी सोबत होती, तिने त्यांनी दिवसभर बागेच्या वाटा मोजल्या. आणि संध्याकाळ झाली की आमच्याकडून हाक जायची. ती जाऊबाईंची असायची.

"वेळू! ताट ठेवलंय हो!"

"ओ! आलो, खिरणी!"

वाटेच्या मध्यावर एक दगड होता, त्यावर ताट ठेवून त्या मागे सरत, मग ते येऊन उचलत. सासूबाई जवळ बसलेल्या असत, पण झाडाच्या नावाला कुणाची हरकत असणार? नवऱ्याचे नाव घेतले नव्हते, बायकोचे घेतले नव्हते. दोघे लग्नानंतर पहिल्यांदा एकमेकांना खुशाल मोठ्याने हाका मारत होते. कधी ताट नसतानाही हाक जाई. "वेळू, थंडी आहे का तिकडे?" "नाही गं, खिरणी!" कवठकाकू म्हणत, "बाई बाई, आता दुसरी काय, दहावी पण मारतोय."

त्या थोड्या संध्याकाळी मी कशाशी तोलणार? आज माझे घर भरलेले आहे, माणसे एकमेकांशी बोलतात, कामापुरते बोलतात. पण तशी हाक मी पुन्हा ऐकली नाही.

मग एक संध्याकाळ आली. "वेळू!" म्हणून हाक गेली आणि परत काही आले नाही. जाऊबाई थांबल्या. दुसरी मारली. तिसरीही मारली, माणसे मारतात तशी. बेटातून वेळूवर वेळू घासून करकरल्याचा आवाज आला, तेवढाच. ताप भरला होता. त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. भेरूजीने बागेबाहेर न्यायला माणसे आणली तेव्हा तो जाऊबाईंकडे न बघता मला म्हणाला, "बईजी, मैंने तो सबके भले के वास्ते कह्यो थो." सगळ्यांच्या भल्यासाठीच सांगितले होते त्याने. कुणीही त्याला बोल लावला नाही. लावायचा तर कुणाला लावायचा? लाजेला?

रोग ओसरला, गाव घरी परतले. झोपड्या जाळल्या गेल्या. बाग नंतर सगळ्यांसाठी खुली झाली, वाटांवर मुरूम पडला, बाके आली, आता पाट्या आल्या. सासूबाई गेल्या. जाऊबाई माझ्याकडेच असतात. माझी मुले त्यांनी वाढवली, लोणच्याच्या मिठाचा अंदाज मला त्यांच्याकडूनच मिळाला. स्वभाव हसरा राहिला आहे. एकच खोड लागली ती लागलीच: पहिल्या हाकेला त्या ओ देत नाहीत. "काकू!" मुले ओरडतात, त्या शेजारीच बसलेल्या असतात, हात चालू असतात, मान वळत नाही. "काकूऽ!" मग लगेच, "ओ, काय रे?" मुले म्हणतात, काकूला कमी ऐकू येतं. त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. कधीतरी मी चिडून विचारलेही, "पहिलीलाच बोलायला काय होतं तुम्हाला?"

त्या निवांत म्हणाल्या, "पहिली मला येऊन गेली आहे, धाकटे. दुसरी यायची आहे."

आणि दर पानगळीत एकदा त्या बागेत जातात. मी सोबत जाते. खिरणीखाली बसतात, पाळीकडे तोंड करून.

यंदा पाट्यांबरोबर आणखी एक बातमी होती. वेळूचे बेट काढायचे ठरले होते, तिथे बँड वाजवायला चबुतरा होणार. मी लगेच हालचाल केली. माळ्याला गाठले, एक चांगला गड्डा बाजूला ठेवायला सांगितला, परसात विहिरीजवळ जागाही पाहून ठेवली. मग जाऊबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "लाव हो, छान दिसेल. पण हाक पाळीवरून आली होती, बेटातून नव्हे."

बेट तोडले त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो. नुसते कापलेले बुडखे उरले होते आणि वर भलतेच मोठे आभाळ. करकर नव्हती. जाऊबाई खिरणीखाली बसल्या. गड्डा गाडीवर चढवून द्यायचा होता, आणि गाडी पाळीवर उभी होती, म्हणून मी चढून वर गेले. कुंपण आता नाही, पायऱ्या केल्या आहेत. गाडीवाल्याला मार्गी लावले आणि वळून पाहिले.

इतक्या वर्षांत मी तिथून कधी पाहिलेच नव्हते. खाली काही दिसत नाही. नुसते माथे, काळपट, एकात एक. कुठली खिरणी, कुठले कवठ, वरून कुणाला कळायचे नाही. खाली दरवाजाशी चौकीदाराने बाग बंद करायची घंटा वाजवली. अंधार पडायच्या आत त्यांना बोलवायला हवे होते.

"खिरणीऽऽ!"

माझा आवाज खाली जाऊन झाडांत बुडाला. घराकडे निघालेली माणसे मुरमाच्या वाटेवर थांबली. कुणीतरी वर बोट दाखवले. पाळीवर उभी राहून एक प्रौढ बाई झाडाला हाक मारते आहे. कानापर्यंत गरम झाले मला. तोंड आपोआप मिटले. खाली उतरून जावे, शोधावे, पुन्हा ओरडण्यात काय अर्थ, असे चटकन मनात आले, आणि ते कुणाच्या मनात कधी आले असेल हे त्याच क्षणी समजले. सागाचे एक पान फांदीवर पडले, खालच्या फांदीवर पडले, जमिनीवर पडले.

मी छातीत श्वास भरला. लोक ऐकत होते. ऐकू देत.

"जानकीऽऽ!"

"ओ!" खालून लगेच आवाज आला, तरुण मुलीचा यावा तसा. "आले हो!"

पायऱ्या चढताना त्या धापा टाकत होत्या, पण थांबल्या नाहीत. वर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या खांद्यावरून मागे मनावरच्या रस्त्याकडे पाहिले. रस्ता रिकामा होता, गाडीची धूळ खाली बसत होती.

"तू मारलीस?" त्यांनी विचारले.

"हो. मीच."

त्यांनी पदराने कपाळ टिपले, धाप ओसरू दिली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आली तर खरी."